मेळघाटावर छायाचित्र स्पर्धा भरवायची तर: विभाग ठरवण्यापासून प्रदर्शनापर्यंत

छायाचित्र स्पर्धेचं माहितीपत्रक ज्या दिवशी बाहेर पडतं, त्याच दिवशी जंगलात गर्दी कुठे होणार हे ठरून जातं. ‘सर्वोत्कृष्ट वाघ’ असं बक्षीस लावलं की सफारीच्या सगळ्या जिप्सी गाड्या एकाच वळणावर खोळंबून राहतात. ‘पिल्लांचं जग’ असा विभाग काढला की हौशी मंडळी घरटी शोधत फिरतात. बक्षीस प्रमाणपत्रापुरतं असलं तरी हे घडतं. म्हणून संरक्षित जंगलाच्या गौरवासाठी स्पर्धा भरवणाऱ्याने परीक्षणाचा विचार नंतर करावा. आपले नियम वाचून लोक त्या जंगलात कसे वागतील, याचा विचार आधी.

निसर्गमंडळं, महाविद्यालयांचे फोटोग्राफी क्लब, जिल्ह्याच्या ठिकाणचे छायाचित्रकारांचे गट यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. उदाहरणासाठी मेळघाट घेतला आहे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक आणि महाराष्ट्रातलं पहिलं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून गाभा आणि त्याभोवतीचं बफर क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर. सातपुड्याच्या घड्या, खोल दऱ्या आणि दाट सागवान यांमुळे इथे वाघ असूनही सहजी दिसत नाही. ताडोबा पाहून आलेला पाहुणा इथे पहिल्या सफारीत हिरमुसतो. स्पर्धा भरवणाऱ्याला मात्र हे जंगल फार सोयीचं, कारण इथे वाघावर भिस्त ठेवून चालतच नाही. जंगल बघावंच लागतं.

आधी यादी, मग विभाग

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. ‘सस्तन प्राणी’, ‘पक्षी’, ‘निसर्गदृश्य’ असे तीन तयार विभाग दुसऱ्या कुठल्या तरी स्पर्धेतून उचलले जातात आणि वर जंगलाचं नाव चिकटवलं जातं. असे विभाग कुठल्याही जंगलाला चालतात. गौरव एका विशिष्ट जागेचा करायचा असेल, तर त्या जागेचं स्वतःचं काय आहे याची यादी आधी हवी. ती करताना दोन-तीन गाईड, एखादा वनरक्षक, गावातली एखादी जाणती बाई आणि तिथे काम केलेला अभ्यासक यांना एकत्र बसवा. वनमजूर आणि गाईड ज्या गोष्टी सांगतात, त्या पर्यटकाच्या कॅमेऱ्यात क्वचितच येतात.

मेळघाटची अशी यादी केली तर तीत काय काय येतं पाहा. चिखलदऱ्याजवळचं वैराट, ११७८ मीटर उंच. तिथून पावसाळ्यात दरीतून वर चढणारं धुकं. सिपना, खंडू, खापरा, गाडगा, डोलार या नद्या आणि कोलकासजवळचं सिपनेचं वळण. पानगळीनंतरचं सागाचं जंगल, जेव्हा जमीन पानांनी करड्या रंगाची होते आणि डोंगराची हाडं दिसायला लागतात. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले, नरनाळ्याचा महाकाली दरवाजा. कोहा, कुंड, बोरी ही गावं उठून बाहेर गेली आणि त्यांच्या शेतांची कुरणं झाली. तिथे आता सांबरं आणि गवे चरतात. धूळघाट स्थानकाजवळ वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून वर चढणारा अकोला–खंडवा मीटरगेज मार्ग, ज्यावरची गाडी आता थांबली आहे.

आणि रानपिंगळा. वीतभर उंचीचा, दिवसा वावरणारा हा घुबडाचा भाऊबंद. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८७३ चं. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा पुरावा नव्हता, तो संपला असंच धरलं गेलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला आणि पुढच्या शोधात मेळघाट हे त्याचं मोठं घर असल्याचं दिसलं. या पक्ष्याला यादीत पहिलं स्थान द्यावंसं वाटेल. त्याचा स्वतंत्र विभाग मात्र काढू नका. का ते पुढे येईलच.

या यादीतून मी असे पाच विभाग सुचवेन.

१. भूभाग आणि ऋतू. डोंगर, नदी, धुकं, पानगळ, वणव्यानंतरचं रान, रात्रीचं आकाश.

२. अधिवासातला वन्यजीव. प्राणी किंवा पक्षी त्याच्या जागेसकट. इथे एक आकडा लिहून टाका: प्राण्याने चित्राच्या क्षेत्रफळाचा एक दशांशापेक्षा जास्त भाग व्यापू नये.

३. खुणा आणि लहान जीव. पाऊलखुणा, अस्वलाने झाडावर काढलेले ओरखडे, उकरलेलं वारूळ, कोळी, फुलपाखरं, बुरशी, फुलं.

४. जंगल आणि माणूस. कोरकू आदिवासींची गावं, वनमजूर, वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढणारे हात, मोहफुलं वेचणं, किल्ले, जुनी रेल्वे.

५. मेळघाटवासी. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत तसंच अकोट बाजूच्या वनगावांत राहणाऱ्यांसाठी. मोबाईल चालेल, विषय कुठलाही, शुल्क नाही.

दुसऱ्या विभागातला एक दशांशाचा नियम थोडा उलगडून सांगतो, कारण सगळ्यात जास्त काम तोच करतो. समजा फोटो ३००० बाय २००० पिक्सेलचा आहे, म्हणजे एकूण ६० लाख पिक्सेल. एक दशांश म्हणजे ६ लाख. साधारण ९५० बाय ६३० पिक्सेलच्या चौकोनात बसेल एवढं सांबर. चित्राच्या रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेल्या जागेत काय आहे, यावरच मग फोटो उभा राहतो किंवा पडतो: सागाची खोडं, उतार, पाण्यातलं प्रतिबिंब, मागचा डोंगर. जवळ जाण्यात फायदा उरत नाही. ६०० मिलिमीटरची महागडी लेन्स असलेला आणि साधी झूम लेन्स असलेला एका पातळीवर येतात. ‘गाडी अजून थोडी पुढे घ्या ना’ म्हणून गाईडच्या मागे लागण्याचं कारणच राहत नाही. वाघाचा फोटो आला तर जरूर घ्या, याच विभागात आणि याच अटीवर.

खुणांच्या विभागाबद्दल काही आयोजक साशंक असतात. ‘पंजाच्या ठशाला कोण बक्षीस देणार?’ असं विचारतात. धुळीत उमटलेला ठसा, त्यावरून गेलेली गाडीच्या चाकाची रेघ आणि शेजारी पडलेलं सागाचं पान एवढ्यात मेळघाटची एक पहाट सामावते. शिवाय हा फोटो काढण्यासाठी कोणालाही त्रास द्यावा लागत नाही.

वनविभागाकडे केव्हा जायचं

माहितीपत्रक छापण्याच्या आधी. क्षेत्रसंचालकांचं कार्यालय अमरावतीला आहे. परतवाडा आणि अकोटला विभागीय कार्यालयं आहेत. तुमची स्पर्धा आधी काढलेल्या फोटोंची असेल, तर तिला वेगळी परवानगी लागेलच असं नाही, पण त्यांना विश्वासात घ्या. नियमावलीचा मसुदा दाखवा. कुठल्या जागांची नावं छापू नयेत, कोणत्या पाणवठ्यावर आधीच गर्दी होते, हे तेच सांगू शकतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधली दोन कलमं आयोजकाने स्वतः वाचलेली असावीत. कलम २८ प्रमाणे अभयारण्यात प्रवेशाची परवानगी ज्या कारणांसाठी मिळते त्यांत छायाचित्रण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याला अट जोडली आहे: अधिवासात बदल न करता, वन्यजीवांवर वाईट परिणाम न होता. कलम २७ नुसार अभयारण्यात प्राण्याला छळणं, डिवचणं आणि कचरा टाकणं मनाई आहे. माहितीपत्रकात या दोन्हींचा मराठीतला सरळ अर्थ दोन ओळींत द्या. ‘कायद्याचे पालन करावे’ एवढंच लिहिलं तर कोणी वाचत नाही.

वेळापत्रक उलटं मांडा

प्रदर्शनाची तारीख आधी धरा आणि मागे मोजत या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला वन्यजीव सप्ताह सोयीचा, शाळा-कॉलेजं सुरू असतात. मग सप्टेंबर छपाईला, ऑगस्ट परीक्षणाला, जुलैअखेर प्रवेशिका बंद, आणि घोषणा फेब्रुवारीत.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. ‘याच हंगामात काढलेले फोटो’ अशी अट घालू नका. गेल्या तीन वर्षांतले फोटो चालतील असं लिहा. हंगामाची अट घातली की एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पाणी फक्त मोजक्या पाणवठ्यांवर उरतं आणि प्राणी तहानेने तिथे येतात, नेमकी तेव्हा स्पर्धकांची झुंबड उडते. तीन वर्षांची मुभा दिली की पावसाळा, हिवाळा, होळीच्या आसपासची पानगळ असं सगळं आपोआप येतं, आणि तुमच्या स्पर्धेसाठी म्हणून जंगलात जादा गाडी गेली असं होत नाही.

नियमावली: इथे घाई करू नका

खाली देतो ते नियम तसेच उचलले तरी हरकत नाही. प्रत्येकामागचं कारण मुद्दाम दिलं आहे, कारण नियमाचं कारण कळलं की लोक पळवाट कमी शोधतात.

घरट्याचे, अंडी-पिल्लांचे फोटो स्वीकारले जाणार नाहीत. घरट्याजवळ माणूस थांबला की आई-बाप दूर राहतात, पिल्लं उन्हात किंवा उपाशी राहतात, आणि कावळ्यांना जागा कळते. फोटो दुरून काढला होता की जवळून, हे परीक्षकाला चित्रावरून कळत नाही. म्हणून सरसकट बंदी.

आवाज वाजवून बोलावलेल्या पक्ष्याचा फोटो बाद. मोबाईलवर रेकॉर्ड केलेली साद वाजवली की पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर आला. तो खाणं सोडून, पिल्लं सोडून भांडायला येतो. रानपिंगळ्याच्या बाबतीत हे फार घडू शकतं. तो थोड्या जागी उरला आहे, त्या जागा माहीत असलेले लोक आहेत आणि पक्षी आपल्या हद्दीबाबत जागरूक आहे. ‘सर्वोत्कृष्ट रानपिंगळा’ असं बक्षीस लावलं असतं तर मार्चच्या एकाच आठवड्यात त्याच त्या पाच-सहा झाडांखाली किती स्पीकर वाजले असते, याचा विचार करा. त्याचा फोटो इतर पक्ष्यांबरोबर ‘अधिवासातला वन्यजीव’मध्ये येऊ द्या, आणि ठिकाणाच्या जागी फक्त ‘मेळघाट’ लिहा.

पकडलेल्या, हाताळलेल्या, मांडून ठेवलेल्या जीवांचे फोटो बाद. सर्पमित्राने घरातून पकडलेला साप शेवाळलेल्या दगडावर सोडून काढलेला फोटो आपल्याकडे सर्रास दिसतो. बेडूक पानावर बसवणं, कीटक गार करून सुस्त करणं, पाखरांना अळ्या टाकून एका फांदीवर आणणं हेही त्यातच आलं. साप वाचवणाऱ्याबद्दल मला आदरच आहे. पण तो साप मेळघाटच्या जंगलातला क्षण नाही.

रात्री गाडीच्या दिव्यात किंवा टॉर्चच्या झोतात काढलेले प्राण्यांचे फोटो नकोत. परतवाडा–सेमाडोह–हरिसाल–धारणी हा वाहता रस्ता या जंगलातून जातो. गाडी थांबवून झोत मारणारे त्यावर नवीन नाहीत. प्राण्यांवर फ्लॅशही नको. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून, फक्त चांदण्यात काढलेला फोटो असेल तर तो घ्यावा. त्यात कमी उजेडामुळे येणारे दाणे दिसले तरी चालतील.

ड्रोनने घेतलेली छायाचित्रं नाहीत. प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या ट्रॅप कॅमेऱ्याचीही नाहीत. गाभा क्षेत्रातले ट्रॅप कॅमेरे वनविभागाचे, त्यांतली चित्रंही त्यांची. ती प्रदर्शनात वेगळ्या फलकावर लावायला वनविभागाकडे मागा. लोकांना ती फार आवडतात.

संपादनाबद्दल मोघम लिहू नका. कापणं, उजेड-अंधार आणि रंगाचा समतोल, सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढणं, दाणे कमी करणं चालेल. फांदी पुसणं, आकाश बदलणं, प्राणी जोडणं, कृत्रिम बुद्धिमत्तेने काही भरणं किंवा नवं तयार करणं चालणार नाही. अनेक चित्रं जोडून केलेला पॅनोरमा भूभागाच्या विभागात चालेल, मात्र तसं लिहून कळवायला हवं.

माणसांचे फोटो विचारून काढलेले असावेत. मेळघाटचं नाव बाहेर बहुतेकांना कुपोषणाच्या बातम्यांमधून माहीत झालं आहे. उघड्या अंगाच्या, हडकुळ्या मुलांचे चेहरे दाखवून करुणा मागणारे फोटो अजूनही स्पर्धांमध्ये येतात. ते नाकारा, आणि नाकारणार असल्याचं आधीच छापा. लहान मुलाचा चेहरा ओळखू येत असेल तर आई-वडिलांची संमती हवी. सणाचा फोटो असेल, होळी असो की कोरकूंच्या मुठवा देवाची पूजा, तर गावाला माहीत असायला हवं की तो स्पर्धेत जातो आहे.

शेवटचा नियम: अंतिम फेरीतल्या प्रत्येक फोटोची मूळ फाईल मागितली जाईल, आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या दोन-दोन फ्रेम्सही. हा आधी-नंतरचा भाग का, ते लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या जगप्रसिद्ध स्पर्धेवरून कळतं. तिथे २०१७ मध्ये बक्षीस मिळालेल्या एका फोटोत ब्राझीलमधल्या वारुळाकडे येणारा मुंगीखाऊ दिसत होता. एका राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात ठेवलेल्या, पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी तो फारच मिळताजुळता असल्याचं कोणीतरी लक्षात आणून दिलं. तज्ज्ञांनी अंगावरच्या खुणा ताडून पाहिल्या. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, पण त्या प्रसंगाच्या ज्या मूळ फाईल त्याने दिल्या त्यांतल्या इतर एकाही चित्रात मुंगीखाऊ नव्हता. २०१८ मध्ये बक्षीस काढून घेतलं गेलं. त्याच स्पर्धेत २०१० च्या सुरुवातीला कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचं पहिलं बक्षीसही रद्द झालं होतं, कारण तो पाळीव, शिकवलेला लांडगा असल्याच्या निष्कर्षाला परीक्षक आले होते. एवढ्या मोठ्या स्पर्धेला जे झेपलं नाही ते आपल्याला विश्वासावर झेपेल असं समजू नये. खऱ्या क्षणाला आगापिछा असतो: सांबर आधी कान टवकारतं, मग वळतं, मग जातं. तो आगापिछा मागा.

ज्यांचा कॅमेरा किंवा मोबाईल रॉ फाईल (प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) देत नाही, त्यांच्याकडून कॅमेऱ्यातून निघालेली न बदललेली जेपेग घ्या. मेळघाटवासी विभागात बहुतेकांचं असंच असेल, त्यांना त्यासाठी अडवू नका.

हक्काचं कलम

स्पर्धांच्या माहितीपत्रकात तळाला बारीक अक्षरात एक वाक्य असतं: ‘सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील.’ हे वाक्य कृपया लिहू नका. चांगले छायाचित्रकार ते वाचून पुढे जातात, आणि ज्यांना त्याचा अर्थ कळत नाही त्यांच्यावर अन्याय होतो.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार स्वतःहून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढणाराच. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. नाव लावलं जाण्याचा आणि काम विद्रूप न होऊ देण्याचा हक्क तर मालकी गेल्यानंतरही त्याच्याकडे राहतो. आयोजकाला प्रत्यक्षात एवढंच लागतं:

“निवडलेली छायाचित्रं या स्पर्धेच्या प्रदर्शनासाठी, पुस्तिकेसाठी आणि प्रसिद्धीसाठी दोन वर्षं, छायाचित्रकाराच्या नावासह वापरण्याची परवानगी स्पर्धक देत आहे. मालकी स्पर्धकाचीच राहील. विक्री किंवा इतर कोणत्याही वापरासाठी वेगळी लेखी संमती घेतली जाईल. न निवडलेल्या फाईल निकालानंतर महिन्याभरात पुसल्या जातील.”

कॅलेंडर छापून विकायचं असेल तर वेगळं बोला, मानधन द्या. अठराखालच्या स्पर्धकांच्या अर्जावर पालकांची सही घ्या.

प्रवेशिका मागवताना

पहिल्या फेरीसाठी लांब बाजू ३००० पिक्सेलची जेपेग पुरते. रंगाची व्यवस्था एसआरजीबी, म्हणजे पडद्यांसाठीची नेहमीची. फोटोवर नाव, सही, वॉटरमार्क काहीही नको. एका स्पर्धकाला सगळे विभाग मिळून सहा फोटो. मर्यादा नसेल तर लोक शंभर पाठवतात आणि निवडीचं काम तुमच्यावर टाकतात, जे खरं तर त्यांनीच करायचं असतं.

व्हॉट्सअॅपवरून फोटो मागवू नका. तिथून आलेली फाईल दाबून लहान झालेली असते, छपाईत फाटते. ड्राइव्हची लिंक किंवा ऑनलाइन अर्ज चांगला. पण धारणीच्या पलीकडच्या गावातल्या पोराला नेटवर्क मिळेलच असं नाही. त्याच्यासाठी महिन्यातून एक दिवस सेमाडोह, हरिसाल आणि धारणीला लॅपटॉप घेऊन जा आणि मोबाईलमधून केबलने फोटो उतरवून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, त्याने स्पर्धा मात्र बदलते. जंगलात रोज असणारी माणसं जे पाहतात ते शहरातल्या कुठल्याही लेन्सला दिसत नाही.

प्रत्येक फोटोसोबत चार ओळी मागवा: काय दिसतंय, कोणत्या महिन्यात, किती वाजता, फोटो कसा मिळाला. ही शेवटची ओळ परीक्षकाच्या फार कामाची.

मोबाईलच्या फोटोत अक्षांश-रेखांश लपलेले असतात. ते आपल्या नोंदीत ठेवा, पण ऑनलाइन टाकायच्या प्रतीतून काढून टाका. रानपिंगळा, शिकारी पक्षी, वाघीण, दुर्मीळ ऑर्किड यांच्या बाबतीत तर नक्कीच.

परीक्षण

तीन परीक्षक पुरेत: एक छायाचित्रकार, एक वन्यजीव अभ्यासक, आणि एक त्या जंगलातला माणूस, म्हणजे मुरलेला गाईड किंवा निवृत्त वनरक्षक. तिसऱ्याला मानाने बोलवा, येण्या-जाण्याचा खर्च आणि मानधन इतर दोघांइतकंच द्या. ‘हे कुरण मार्चमध्ये असं हिरवं नसतं’ हे वाक्य तोच म्हणू शकतो, आणि त्या एका वाक्याने बनावट फोटो पकडला जातो.

फाईलना नावांऐवजी क्रमांक द्या. ज्याने क्रमांक दिले त्याने खोलीत बसू नये. परीक्षकाचा विद्यार्थी किंवा नातेवाईक स्पर्धेत असेल तर त्या फोटोपुरतं त्याने मत देऊ नये, आणि हे आधी लिहून घ्या.

पहिल्या फेरीत फक्त हो किंवा नाही. दुसऱ्या फेरीत एक ते पाच गुण. इथपर्यंत सगळे करतात. गडबड बेरजेवर निकाल लावण्यात होते. एका फोटोला ५, ५, १ मिळाले आणि दुसऱ्याला ४, ४, ३, तर दोघांची बेरीज ११. पण हे दोन फोटो सारखे नाहीत. दुसरा सगळ्यांना बरा वाटला. पहिल्याने दोघांना हलवलं आणि एकाला काहीतरी खटकलं. ज्याने १ दिला त्याला बोलतं करा. कदाचित त्याला पक्षी बोलावून आणल्याची शंका असेल: चोच उघडी, अंगावरची पिसं फुललेली, नजर थेट कॅमेऱ्याखालच्या झुडपाकडे, जिथे स्पीकर ठेवला असावा. एवढ्यावर फोटो बाद करता येत नाही, पक्षी स्वतःहूनही असा बसतो. पण आधी-नंतरच्या फ्रेम्स बघता येतात, छायाचित्रकाराला फोन करून विचारता येतं. उत्तर पटलं नाही तर फोटो बाजूला ठेवा आणि कारण कळवा. म्हणून तिसरी फेरी गुणांची न ठेवता चर्चेची ठेवा, एकत्र बसून, शक्यतो छोट्या छापील प्रतींवर. पडद्यावर झगमगणारे कितीतरी फोटो कागदावर फिके पडतात, आणि धुक्यातलं एखादं शांत चित्र वर येतं.

एखाद्या विभागात बक्षिसाच्या तोडीचा फोटो नसेल तर बक्षीस राखून ठेवा. भरीचं बक्षीस देऊ नका.

प्रदर्शन

अमरावतीत करा, पण तिथेच थांबू नका. परतवाडा, धारणी, अकोट आणि सेमाडोह इथे फिरतं प्रदर्शन न्या. ज्यांच्या गावाचा, ज्यांच्या वाटेचा फोटो आहे, त्यांनी तो पाहायला हवा.

छपाईचा हिशोब सोपा आहे. १८ बाय १२ इंचाची चांगली प्रत २०० डीपीआयने (इंचाला २०० ठिपके) काढायची तर ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात. ३०० डीपीआयने ५४०० बाय ३६००. बारा मेगापिक्सेलच्या मोबाईलचा न कापलेला फोटो ४००० बाय ३००० चा असतो, म्हणजे २०० डीपीआयने १८ बाय १२ ला पुरून उरतो. मेळघाटवासी विभागाच्या प्रतीही इतरांच्याच आकारात छापा.

कागद मॅट घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. प्रती सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या फळ्यांवर, चिकटवल्या की गाडीतून न्यायला हलक्या पडतात. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर ठेवावा, शाळेत प्रदर्शन असेल तर चारवर. वीज जाणार हे धरूनच खोली निवडा: उत्तरेकडून उजेड येणारी, आणि चित्रं खिडकीसमोर नकोत.

फोटोखालची ओळ मराठीत आणि कोरकूत, दोन्ही देवनागरीत. कोरकू मजकूर तिथल्या शिक्षकांकडून लिहून घ्या आणि गावात वाचून दाखवून मगच छापा. झाडा-प्राण्यांना गावात जी नावं आहेत तीच वापरा. ओळीत आधी काय दिसतंय ते, मग छायाचित्रकाराचं नाव. कॅमेऱ्याचं मॉडेल आणि शटरचा वेग फलकावर नको. ज्यांना हवं त्यांच्यासाठी पुस्तिकेत शेवटी द्या.

बक्षिसाची रक्कम समारंभाच्या दिवशीच खात्यात जमा करा. न निवडलेल्या प्रत्येकाला परीक्षकांच्या एका-दोन ओळींच्या अभिप्रायासह पत्र पाठवा. प्रवेशिका दोनशे असतील तर तीन जणांचं दोन संध्याकाळचं काम आहे. प्रदर्शन फिरून आलं की छापील प्रतींचा एक संच वनगावांतल्या आश्रमशाळांना द्या, आणि ज्या घरातल्या माणसाचा फोटो होता, त्या घरी त्याची एक प्रत पोचवा.